साचा, प्रत आणि पाठ : पुनःप्रकाशित मोटार-किटांची एक चिकित्सा

'पुनर्मुद्रण' आणि 'आवृत्ती' हे दोन शब्द मराठी ग्रंथव्यवहारात बहुधा एकमेकांच्या जागी वापरले जातात. ज्या पुस्तकात एक अक्षरही बदललेले नाही त्याच्या मुखपृष्ठामागे 'तिसरी आवृत्ती' असे छापलेले आढळते, आणि ज्यातून प्रकरणेच्या प्रकरणे गाळली आहेत ते 'पुनर्मुद्रण' म्हणून वाचकाच्या हाती येते. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ह्या शैथिल्याचा त्रास होतो; इतरांना सहसा होत नाही. परंतु हाच प्रश्न एका अगदी निराळ्या क्षेत्रात, विद्यापीठीय विद्येशी ज्यांचा काडीमात्र संबंध नाही अशा माणसांच्या वादांत, किती बारकाईने चर्चिला जातो हे पाहिल्यावर प्रस्तुत लेखकास आपल्याच विषयाकडे पुन्हा एकदा वळून पाहावेसे वाटले. ते क्षेत्र म्हणजे अमेरिकेतील प्लास्टिकच्या मोटार-किटांचे, आणि विशेषतः जुन्या साच्यांतून पुन्हा काढलेल्या किटांचे, संग्रहण व जोडणी. हा विषय ह्या पत्रिकेच्या पृष्ठांवर येण्यास योग्य आहे की नाही, ह्याविषयी विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शंका प्रकट केली होती. लेख वाचून त्यांनीच काय तो निर्णय द्यावा.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. पोलादी साच्याचे दोन अर्धे घट्ट मिटवून त्यांच्यामधील पोकळीत वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने भरावयाचे, ते थिजले की साचा उघडावयाचा, आणि चौकटीला चिकटून आलेले सुटे भाग खोक्यात भरून विकावयाचे, अशी ही रीत आहे. भाग कापणे, घासणे, चिकटवणे, रंगवणे हे सारे काम विकत घेणाऱ्याचे. जोडून झालेली गाडी मूळ गाडीच्या बहुधा एक पंचविसांश असते. ह्या धंद्याचे मूळ मोटार-विक्रेत्यांच्या जाहिरातीत आहे. मिशिगन राज्यातील ट्रॉय येथे १९४८ साली स्थापन झालेली एएमटी ही कंपनी प्रारंभी विक्रेत्यांच्या दुकानांत ठेवण्यासाठी तयार प्रतिकृती पुरवीत असे. तिच्या नावातील पहिले अक्षर ॲल्युमिनियमचे आहे, कारण तिच्या पहिल्या गाड्या त्या धातूच्या होत्या. पुढे धातूची जागा प्लास्टिकने घेतली, आणि १९५८ साली ह्याच कंपनीने त्या वर्षीच्या गाड्यांची न जोडलेली किटे 'एकात तीन' ह्या घोषणेने बाजारात आणली. एकाच खोक्यातील भागांतून गाडी कारखान्यातून निघाली तशी, किंवा हौशी कारागिराने रूप पालटलेली, किंवा शर्यतीसाठी सजवलेली, अशी तीनपैकी कोणत्याही एका प्रकारे जोडता येत असे.

ह्या 'एकात तीन'मध्ये व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ओळखीची खूण सापडेल. पाणिनी विकल्प सांगताना वा, विभाषा आणि अन्यतरस्याम् असे तीन निरनिराळे शब्द वापरतो. परंपरेने ते समानार्थी मानले. परंतु वा म्हणजे इष्टतर विकल्प, विभाषा म्हणजे क्वचित् घडणारा आणि अन्यतरस्याम् म्हणजे दोहोंपैकी कोणताही, असा भेद पॉल किपार्स्की ह्यांनी १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला, आणि तो ग्रंथ पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राच्या सहकार्याने प्रसिद्ध झाला, हे येथील वाचकांना सांगावयास नको. किटाच्या खोक्यावर तीन विकल्प शब्दांत समान म्हणून दिलेले असले तरी खोक्यावरील चित्र त्यांतील एकालाच अग्रस्थान देते. मुलगा दुकानात चित्र पाहतो आणि चित्रातलीच गाडी जोडतो. म्हणजे शब्दांनी सांगितलेले अन्यतरस्याम् चित्राने वा करून टाकले. न वापरलेले भाग मात्र फेकले जात नाहीत. ते एका डब्यात साठत जातात, आणि पुढच्या एखाद्या गाडीत अकस्मात प्रकट होतात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पोथीची नक्कल होते तेव्हा मूळ पोथी जागेवर राहते. नकलेत प्रमाद झाला, कोणी चार ओव्या घुसडल्या, तरी मूळ प्रत शाबूत असेल तर तिच्याशी ताडून पाहता येते. साच्याचे तसे नाही. अमेरिकन मोटारींचे बाह्यरूप दरवर्षी बदलत असे: पुढची जाळी निराळी, मागचे दिवे निराळे, एखादी पट्टी अधिक. दरवर्षी संपूर्ण नवा साचा करणे अत्यंत खर्चाचे असल्यामुळे गेल्या वर्षीचाच साचा कोरून, बुजवून, त्यात नवे तुकडे बसवून चालू वर्षाची गाडी काढली जाई. ज्या क्षणी नव्या वर्षाचा साचा सिद्ध झाला त्या क्षणी जुन्या वर्षाचा नष्ट झाला. मूळ पोथीवरच हरताळ लावून तिच्यावर नवी संहिता लिहावी, असा हा प्रकार आहे. १९७० च्या सुमारास तर अशा अनेक साच्यांची रवानगी शर्यतीच्या गाड्यांकडे झाली. चाकांवरचे पत्रे कापलेले, आतली बैठक काढलेली, अशा रूपात त्या गाड्या पुन्हा बाजारात आल्या, आणि त्यांचे साधे, घरगुती रूप केवळ आधी विकल्या गेलेल्या खोक्यांतच शिल्लक राहिले.

ह्यावरून संग्राहकाच्या ज्या वागण्याला लोक हसतात त्याचा उलगडा होतो. न उघडलेले जुने खोके तो कपाटात ठेवून देतो, ते जोडत नाही, दुसऱ्याला जोडू देत नाही. लोभाचा अंश त्यात असेलही. परंतु साचा बदलून गेलेल्या किटाचे न जोडलेले खोके ही त्या पाठाची साक्षी प्रत होय. ते जोडले की प्रत नष्ट झाली. गोंद लागला, चौकट फेकली, तीनपैकी दोन विकल्प बाद झाले. वाचन केल्याने पोथी नाहीशी होत नाही. किटाचे मात्र वाचन हाच त्याचा अंत आहे. ग्रंथालयशास्त्राला माहीत नसलेली अशी ही अडचण आहे, आणि तिच्यातून सुटका करणारी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे पुनःप्रकाशन. साचा जिवंत असेल आणि त्यातून नवी किटे निघाली, तर एक प्रत ठेवता येते आणि एक वाचता येते.

साचे जिवंत राहिले ते सरळ मार्गाने मात्र नव्हे. त्यांचा प्रवास एखाद्या संप्रदायाच्या पोथ्यांप्रमाणे मठामठांतून झालेला आहे. एएमटी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लेस्नी ह्या इंग्रज कंपनीकडे गेली, लेस्नी बुडाल्यावर १९८३ च्या सुमारास अर्टलकडे आली. एएमटीतूनच बाहेर पडलेल्या मंडळींनी १९६३ साली काढलेली एमपीसी ही प्रतिस्पर्धी कंपनीही त्याच दशकात अर्टलच्याच पंखाखाली गेली. आज हे दोन्ही शिक्के इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील राउंड टू ह्या कंपनीकडे आहेत. रेव्हेल आणि मोनोग्रॅम १९८६ साली एकत्र आल्या, २००७ साली हॉबिको ह्या कंपनीने त्या घेतल्या, आणि हॉबिकोने २०१८ साली दिवाळे काढल्यावर रेव्हेलचा शिक्का जर्मन भांडवलाकडे गेला, तर पुष्कळसे जुने साचे न्यूयॉर्क राज्यातील ॲटलांटिस ह्या लहानशा कंपनीने विकत घेतले. ह्याचा परिणाम असा की खोक्यावरचे नाव आणि आतला साचा ह्यांचे नाते कधीच तुटून गेले आहे. नावावरून कूळ ओळखण्याचा प्रयत्न करणाऱ्याची येथे फसगत होते. कूळ ओळखावयाचे ते चुकांवरून. एखाद्या भागावर साच्यातील ओरखड्याची खूण उमटलेली असेल, दोन अर्ध्यांच्या सांध्यातून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर आलेला असेल, तर तेवढ्यावरून जाणकार ह्या किटाचा साचा कोणता आणि तो किती थकला आहे हे सांगतो. समान प्रमादांवरून समान पूर्वज सिद्ध करण्याची ही पद्धती आपण विद्यार्थ्यांना अवघड म्हणून शिकवतो.

पुनःप्रकाशित किट हे मूळ किटच आहे काय? ह्या प्रश्नाच्या मांडणीला फेर्दिनां द सोस्यूरच्या एका दृष्टान्ताचा चांगला उपयोग होतो. त्याच्या मृत्यूनंतर १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात जिनीव्हाहून पॅरिसला जाणाऱ्या रात्री आठ-पंचेचाळिसाच्या गाडीचे उदाहरण आहे. इंजिन निराळे, डबे निराळे, माणसे निराळी, तरी कालची आणि आजची गाडी आपण एकच मानतो, कारण तिची ओळख तिच्या वेळेवर आणि मार्गावर, म्हणजे इतर गाड्यांशी असलेल्या तिच्या संबंधावर अवलंबून असते. त्याच्या उलट, माझा चोरीस गेलेला पोशाख जुन्या कपड्यांच्या दुकानात मला सापडला तर तो 'तोच' असतो तो त्याच्या धाग्यादोऱ्यांमुळे. हुबेहूब तसाच दुसरा पोशाख माझा नव्हे. किटे जोडणारा मनुष्य किटाला आगगाडी समजतो, आणि संग्राहक त्याला पोशाख समजतो. त्यांच्यातील भांडण मिटत नाही ह्याचे कारण दोघेही 'तेच' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात, आणि दोघांचाही वापर शुद्ध आहे.

आपल्या परंपरेत ह्या वादाला ह्याहूनही जुने स्थान आहे. शब्दाचा अर्थ आकृती की द्रव्य, ह्याविषयी वाजप्यायन आणि व्याडी ह्यांची परस्परविरुद्ध मते महाभाष्यात नोंदलेली आहेत. पतंजलीचा सुवर्णाचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे: एकाच सोन्याचा गोळा मोडून एक अलंकार, तो मोडून दुसरा, आकृती पालटते, द्रव्य टिकते. किटाच्या बाबतीत हा दृष्टान्त नेमका उलटा होतो. येथे आकृती टिकते आणि द्रव्य दर खेपेस नवे असते. एवढेच नव्हे, तर जुने द्रव्य टिकतही नाही. विक्रेत्यांसाठी केलेल्या प्रारंभीच्या प्रतिकृती ॲसिटेट जातीच्या प्लास्टिकच्या होत्या, त्या वर्षानुवर्षे आकसत, वाकत गेल्या. पॉलिस्टायरीन त्या मानाने स्थिर. परंतु त्याच खोक्यात ठेवलेल्या मऊ व्हिनाइलच्या टायरांतील द्रव्य हळूहळू पाझरते आणि ज्या भागाला टायर टेकलेला असेल तो भाग वितळवून त्यात खाचा पाडते. म्हणजे न उघडता जपून ठेवलेले खोके आतल्या आत स्वतःला खात असते. संग्राहकाची सारी भिस्त द्रव्यावर, आणि द्रव्यच दगा देणारे!

'मूळ' ह्या शब्दाची आणखी एक गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. क्रायस्लर कंपनीने गॅस टर्बाइनवर चालणारी एक मोटार तयार केली होती. तिच्या एकूण ५५ गाड्या झाल्या, त्यांतील ५० गाड्या १९६३ ते १९६६ ह्या काळात सामान्य कुटुंबांना चालवून पाहण्यासाठी देण्यात आल्या, आणि प्रयोग संपल्यावर बहुतेक सर्व मोडीत काढण्यात आल्या. त्यांपैकी ९ उरल्या. डेट्रॉइटच्या जो-हान कंपनीने त्याच वेळी ह्या गाडीचे एक पंचविसांश प्रमाणाचे किट काढले होते, ते जाणकारांत त्याच्या काटेकोरपणाबद्दल वाखाणले जाते. मूळ गाडी पाहावयाची तर संग्रहालयात जावे लागते. तिची रचना हातांनी समजून घ्यावयाची तर किटावाचून गत्यंतर नाही. ह्याच्या अगदी उलट 'रेड बॅरन'चा इतिहास. पहिल्या महायुद्धातील जर्मन शिरस्त्राण हेच ज्याचे छप्पर, अशी ही चमत्कारिक गाडी टॉम डॅनिएल ह्या रेखनकाराने मोनोग्रॅमच्या किटासाठी कल्पिली. किट १९६८ च्या सुमारास निघाले, आणि ते इतके खपले की त्यावरून पूर्ण आकाराची खरी गाडी बांधून प्रदर्शनांतून फिरवण्यात आली. येथे किट हे मूळ असून मोटार ही तिची चोवीस पटींनी वाढवलेली प्रतिकृती आहे. नक्कल कोणती आणि मूळ कोणते हे आकारावरून किंवा किमतीवरून ठरवणाऱ्याने ह्या दोन उदाहरणांचा विचार करावा.

तथापि पुनःप्रकाशकांची बाजू सर्वस्वी निर्दोष नाही. प्रस्तुत लेखकाचे मामा १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अभियंता म्हणून मिशिगनला गेले. तेथे त्यांनी एक किट विकत घेतले ते जोडण्यास त्यांना कधीच सवड झाली नाही, आणि पुढे अनेक वर्षांनी ते त्यांनी भाच्यास दिले. भाच्यानेही ते जोडले नाही; आधी भीतीने, मग सवयीने. काही वर्षांपूर्वी त्याच किटाचे पुनःप्रकाशन झाल्याचे कळले तेव्हा ते मागवले. (कंपनीचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण हा दोष एकीचा नाही.) खोक्यावर तेच जुने चित्र, तीच अक्षरे, कडेला तीच 'एकात तीन'ची घोषणा. आत मात्र कारखान्यातील मूळ रूपासाठी लागणारी पुढची जाळी आणि चाकांच्या थाळ्या नव्हत्या. साच्यातील त्या भागांकडे जाणारी वाट केव्हातरी बंद केली गेली होती, ती उघडलेली नव्हती. चित्र जुन्या पाठाचे आणि संहिता नव्या पाठाची, आणि दोहोंमधील अंतराविषयी कोठेही एक ओळ नाही.

जुनी खोकी पुन्हा छापण्याची ही प्रथा अलीकडे फार लोकप्रिय आहे, आणि स्मरणरंजनाला आमचा विरोध नाही. प्रश्न आहे तो विधानाच्या सत्यतेचा. खोक्यावरील चित्र हे विधान आहे. पूर्वी ते अतिशयोक्त असे, पण असत्य नसे. १९५८ च्या मुलाला चित्रातली गाडी जोडता येत होती. आज तेच चित्र तशाच्या तसे छापल्याने असत्य झाले आहे, कारण त्याच्या मागची वस्तू हलली आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुकथनकरांनी ज्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा पाया घातला आणि जिचे काम १९६६ साली पूर्ण झाले, तिच्यात संहितेबाहेर ठेवलेला मजकूर फेकून दिलेला नाही; तळटीपांत आणि परिशिष्टांत तो सर्व दिलेला आहे. वाचकाला संपादकाशी भांडता यावे ह्याची सोय खुद्द संपादकानेच करून ठेवली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा आपण काय केले हे त्यांनी ओव्यांतच सांगून ठेवले. खोक्याच्या तळाशी चार ओळींची पुष्पिका छापणे एवढीच आमची अपेक्षा आहे: साचा कोणत्या वर्षीचा, तो केव्हा बदलला, कोणते भाग गाळले, कोणते नव्याने केले. राउंड टूने अलीकडे नष्ट झालेले काही साचे जुन्या किटांवरून माप घेऊन नव्याने घडवले आहेत. पाठचिकित्सेच्या भाषेत ही साक्षी प्रतींवरून केलेली संहितेची पुनर्रचनाच होय, आणि कपाटात खोकी जपून ठेवणाऱ्या त्या उपहासास्पद संग्राहकांवाचून ती शक्य झाली नसती.

एका गोष्टीबद्दल भाषेच्या अभ्यासकाने अधिक काळजी करावी असे मला वाटते, आणि तिच्याविषयी संग्राहक फारसे बोलत नाहीत. ती म्हणजे जोडणीची सूचनापत्रिका. १९६० च्या आसपासच्या अमेरिकन पत्रिका वाक्यांत लिहिलेल्या असत. प्रत्येक भागाला नाव असे, आणि तो कशाला, कोणत्या बाजूने, कोणत्या आधी चिकटवावयाचा हे पूर्ण वाक्यांत सांगितलेले असे. कार्ब्युरेटर, वितरक, रेडिएटरची नळी, मागचा आस ही नावे दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी बसत ती शाळेतून नव्हे, ह्या पत्रिकेतून. शब्द, त्याचा अर्थ आणि हातातली वस्तू एकाच क्षणी भेटत. कोशकाराने हेवा करावा अशी ही व्यवस्था होती. पुढे किटे अनेक देशांत एकदम विकली जाऊ लागल्यावर युरोपीय पत्रिकांतून वाक्ये हटली आणि चित्रे, बाण, आकडे आले. रेव्हेलच्या जर्मन पत्रिकांत प्रारंभी अनेक भाषांतील चिन्हसूची असते आणि पुढे सारे काम चिन्हांवरच चालते. जोडणी त्याने अडत नाही, कदाचित सुलभच होते. पण एकोणचाळीस क्रमांकाचा भाग चाळीस क्रमांकाच्या भागावर चिकटवणाऱ्या मुलाला त्याने काय चिकटवले हे सांगता येत नाही. पुनःप्रकाशनाच्या चर्चेत एका थाळीच्या अभावावर पाने खर्ची पडतात, ह्या लोपावर कोणी काही लिहीत नाही.

मामांच्या खोक्यातील पत्रिका अशी जुन्या धाटणीची आहे. तिची घडी गेल्या दिवाळीच्या सुटीत प्रथमच उलगडली. त्यासाठी खोके उघडावे लागले, आणि उघडल्यावर दिसले ते असे: एक टायर आसनांच्या भागावर टेकून बसला होता आणि त्याने उजव्या आसनाच्या पाठीत अर्धवर्तुळाकार खाच पाडली होती, चिकटचित्रांचा कागद पिवळा पडला होता, पुढची जाळी आणि चारही थाळ्या मात्र त्यांच्या चौकटीवर चकचकीत होत्या. त्या कापून नव्या किटाला लावाव्यात, की नव्या किटातले आसन जुन्याला द्यावे, ह्याविषयी माझ्या मुलीशी दोन संध्याकाळ वाद चालला. ती जोडणाऱ्यांच्या पक्षाची आहे. शेवटी जुन्या थाळ्यांचे नव्या पद्धतीने ठसे घेऊन त्यांची नक्कल करावी, असे ठरले. ठशांसाठी लागणारे रबर पुण्यात मिळाले आहे. पत्रिका मी तूर्त माझ्याकडे ठेवली आहे. तिच्यात ज्या सुट्या भागांची नावे आली आहेत त्यांची यादी करण्याचे काम चालू आहे.